पोरका, अनाथ आणि पाहुणा : परदेशी अनाथालयांतल्या स्वयंसेवकांच्या लेखनाविषयी

गेल्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीहून माझ्या मेहुण्याच्या मुलीचा निरोप आला. तिचे वय १७. उन्हाळ्याच्या सुटीत ती दोन आठवडे नेपाळला, काठमांडूजवळच्या एका अनाथालयात स्वयंसेवक म्हणून राहून आली होती. त्या अनुभवावर तिने कॉलेज-प्रवेशाच्या अर्जासाठी इंग्रजीत निबंध लिहिला होता. तिकडच्या अर्जात अशा निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा असते. तोच निबंध तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेत घ्यायचे ठरले आणि तो मराठीत हवा होता. ‘काका, मला मराठी बोलता येतं, पण लिहिता येत नाही. तुम्ही करून द्याल ना?’ मी तीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवली. शिक्षण बारावीपर्यंत, इंग्रजी शिकलो ते शब्दकोश उशाशी ठेवून. नातेवाइकांतली असली कामे त्यामुळे माझ्याकडेच येतात. ६५० शब्द म्हणजे एका संध्याकाळचे काम. ते आजतागायत पूर्ण झालेले नाही. का झाले नाही, याचा शोध घेताना जे वाचन झाले त्यातून हा लेख तयार झाला.

अडले ते पहिल्याच ओळीत. तिने लिहिले होते ‘ऑर्फन’. मराठीत त्यासाठी दोन शब्द हाताशी आहेत, पोरका आणि अनाथ. बोलताना आपण ते एकाच अर्थाने वापरतो. पण पोरका म्हणजे ज्याचे मायबाप गेले तो. अनाथ म्हणजे ज्याला नाथ नाही, पाठीराखा नाही तो. आईवडील हयात असतानाही माणूस अनाथ असू शकतो. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’ काढली ती विधवांसाठी. त्यांच्यापैकी कितीजणींचे आईबाप जिवंत आहेत हा प्रश्न त्या नावात अभिप्रेतच नव्हता. विठ्ठलाला अनाथांचा नाथ म्हणताना वारकऱ्यांनीही कुणाकडे मृत्यूचे दाखले मागितले नाहीत. पोरका हा जन्ममृत्यूच्या नोंदीतला शब्द आहे, अनाथ हा परिस्थितीचा. नेपाळीतही ‘अनाथ’ आहे, आणि आपल्या ‘पोरका’शेजारी बसेल असा ‘टुहुरो’ हा वेगळा शब्दही आहे. इंग्रजी ‘ऑर्फन’ निःसंशय पोरक्याच्या, टुहुऱ्याच्या बाजूचा.

तेव्हा कोणता शब्द घालायचा हे ठरवण्यासाठी मी तिला विचारले, की त्या मुलांचे आईवडील कधी आणि कशाने गेले. तिचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. ‘काका, ते विचारायचं नव्हतं. पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं होतं, की मुलांना मागचं काही विचारू नका, त्यांना त्रास होतो.’

सूचना ऐकायला समंजस वाटते. काही मुलांच्या बाबतीत ती खरीही असेल. पण तिचा वाङ्मयीन परिणाम पाहण्यासारखा आहे. ज्या माणसांविषयी लिहायचे त्यांच्याबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारायलाच बंदी असेल, तर लिहिणाऱ्याकडे उरते ते फक्त त्याचे स्वतःचे मन. तिच्या निबंधात ‘मी’ हा शब्द आणि त्याची रूपे मी मोजली. मुद्रितशोधकाची खोड. ती ५३ भरली. एकाही मुलाचे आडनाव नव्हते, एकाही गावाचे नाव नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर निबंधाबाहेर मात्र बरेच दिवस उपलब्ध आहे. नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या मुलांपैकी सुमारे ८५ टक्के मुलांच्या आईवडिलांपैकी किमान एकजण हयात आहे, असे युनिसेफचे सांगणे आहे. त्याहून बोलकी गोष्ट या संस्थांच्या पत्त्यांत आहे. देशात ७५ जिल्हे होते तेव्हा नोंदलेल्या बालगृहांपैकी जवळजवळ ९० टक्के पाच जिल्ह्यांत एकवटलेली होती. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की (म्हणजे पोखरा) आणि चितवन. गरिबी हुमला-जुम्ल्यात आहे, युद्धात माणसे मेली ती डोंगरांत, आणि अनाथ मात्र गोळा झाले विमानतळाजवळ, तलावाकाठी आणि गेंड्यांच्या अभयारण्याशेजारी! कंबोडियात तिथल्या सरकारने युनिसेफच्या मदतीने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २००५ ते २०१० या पाच वर्षांत निवासी बालसंस्था ७५ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. त्या काळात कंबोडियात युद्ध नव्हते, पर्यटन होते. त्याच वर्षी तिथे एक भित्तिपत्रक-मोहीम निघाली. संग्रहालयातल्या वस्तूंसारखी काचेच्या पेटीत ठेवलेली मुले आणि त्यांचे फोटो काढणारे पाहुणे, असे ते चित्र होते.

हे सगळे अर्थकारण झाले आणि त्यावर जाणकारांनी भरपूर लिहिले आहे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचा विचार केला. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेचा आणि पर्यटनाचा धोका म्हणून उल्लेख केला. माझा प्रश्न थोडा अलीकडचा, वाचकाचा आहे. इतके सगळे जाहीर असताना हे लेखन पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने का लिहिले जाते? १७-१८ वर्षांच्या हुशार, हळव्या मुलींना (बहुधा मुलीच असतात) त्या मुलांची आई का दिसत नाही?

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकणे बरे, नाहीतर माझे वाचन तटस्थ आहे असा गैरसमज व्हायचा. वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत मी एका तालुक्याच्या गावी बालगृहात होतो. वडील वारले होते. आई दुसऱ्यांच्या शेतावर रोजाने जायची. तिने मला तिथे ठेवले ते जेवण आणि शाळा या दोन गोष्टींसाठी. बाजाराच्या दिवशी ती भेटायला यायची, कधी शेंगा घेऊन, कधी नुसतीच. परदेशी पाहुणे येणार असले, की आदल्या आठवड्यात पालकांना निरोप जायचा, या बाजारी येऊ नका. एका वर्षी युरोपातून १८-१९ वर्षांची एक मुलगी सहा आठवड्यांसाठी आली होती. आम्ही तिला ताई म्हणायचो. ती आम्हाला गाणी शिकवायची, केस विंचरायची, आणि माझे नाव शेवटपर्यंत चुकीचे घ्यायची. मी ते दुरुस्त केले नाही, कारण त्या नावाने हाक आली की पेन्सिल मिळायची. जाताना तिने पुढच्या वर्षी येईन असे सांगितले. पुढच्या वर्षी दुसरी आली. पुढे केव्हातरी कार्यालयात झाडलोट करताना माझे कार्ड मला सापडले. परदेशातल्या देणगीदारांना पाठवायच्या प्रतीची ती नक्कल होती. फोटोखाली टंकलेला शब्द मला कळेना म्हणून शाळेत येऊन शब्दकोश पाहिला. ‘ऑर्फन’. आई तेव्हा हयात होती. ती २००३ साली गेली.

म्हणजे या वाङ्मयप्रकाराचा मी वाचक उशिरा झालो. पात्र त्याआधीच होतो.

आता पुस्तकांकडे. किशोरवयात परदेशी जाऊन अनाथ मुलांची सेवा करणाऱ्यांच्या आत्मकथनांत सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक बहुधा केटी डेव्हिसचे ‘किसेस फ्रॉम केटी’ (२०११) असेल. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली ही मुलगी डिसेंबर २००६ मध्ये, शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या सुटीत, युगांडातल्या जिंजा परिसरात एका अनाथालयात गेली. वय १८. पुढच्या वर्षी शिकवायला म्हणून परत गेली आणि तिथेच राहिली. विशीच्या सुरुवातीलाच ती १३ मुलींची आई झाली होती. पुस्तक श्रद्धेने भारलेले आहे आणि तिच्या श्रद्धेविषयी शंका घ्यावी असे मला त्यात काही आढळले नाही. दोन आठवड्यांत फोटो काढून परतणाऱ्यांत ती नाही, हेही सांगितले पाहिजे.

पण या पुस्तकात दोन कथा आहेत आणि त्यांतली एकच सांगितली जाते. शिकवता शिकवता केटीच्या लक्षात येते, की परिसरातली कितीतरी मुले शाळेत नाहीत ती फी नाही म्हणून; घर आहे, आजी आहे, मामा-मावशी आहेत, फी नाही. ती एक साधी योजना काढते. दूरच्या देणगीदाराने एका मुलाची फी, जेवण, औषधपाणी एवढे द्यायचे आणि मुलाने आपल्याच नातेवाइकांकडे राहायचे. तिला ४० मुले अपेक्षित होती. काही महिन्यांत दीडशे झाली, पुढे शेकडो. माझ्या मते त्या पुस्तकातली सर्वांत क्रांतिकारक गोष्ट हीच आहे, कारण इथे अनाथालयाची गरजच संपते. ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्या आपल्या समाजाला ती लगेच कळावी. पण कथनाच्या दृष्टीने ही योजना निरस ठरते. फी भरली, मूल घरी गेले, घरी जेवले, शाळेत गेले. यात नायिका कुठे आहे? म्हणून पुस्तकाचे मन रमते ते दुसऱ्या कथेत, जिथे मुली एकीमागून एक तिच्या घरात येतात आणि तिला ‘मॉमी’ म्हणू लागतात. शेकडो मुलांना आपापल्या घरी ठेवणाऱ्या कामाला थोडी पाने आणि १३ मुलींना आपल्या घरी आणण्याला उरलेली. लेखिकेच्या हेतूचा हा दोष नाही. आत्मकथन नावाच्या प्रकाराला ‘मी’च्या दिशेने उतार असतो आणि पाणी उताराकडेच जाते.

मॅगी डॉइनचे ‘बिट्वीन द माउंटन अँड द स्काय’ (२०२२) यापेक्षा सावध आहे, बहुधा ते उशिरा लिहिले गेले म्हणून. न्यू जर्सीची ही मुलगी शाळा संपल्यावर वर्षभराच्या भटकंतीला निघाली, भारतात नेपाळी निर्वासित मुलांमध्ये तिने काम केले आणि मग पश्चिम नेपाळात पोचली. सुर्खेतच्या कोरड्या नदीपात्रात खडी फोडणारी एक लहान मुलगी तिला दिसली. शेजाऱ्यांची मुले सांभाळून साठवलेले ५००० डॉलर तिने आईवडिलांकडून मागवून घेतले आणि तिथे जमीन घेतली. २०१५ साली सीएनएनने तिला वर्षाची नायिका ठरवले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिच्याकडचे एक तान्हे मूल दगावले. पुस्तकात या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या आहेत आणि दुसरीने पहिलीला झाकू दिलेले नाही. पदकाच्या पानानंतर असे पान लिहायला धैर्य लागते. तरीही नदीपात्रातला तो प्रसंग पुस्तकाबाहेर, भाषणांत आणि चित्रफितींत इतक्या वेळा सांगितला गेला आहे, की खडी फोडणारी मुलगी त्या प्रसंगातून बाहेर येऊच शकत नाही. ती कायम तेवढ्याच वयाची राहते. माझ्या कार्डावरच्या फोटोसारखी.

या पुस्तकांतून आणि मी वाचलेल्या अनेक लहान निबंधांतून एक वाक्य हमखास सापडते. मेहुण्याच्या मुलीच्या निबंधातही ते दुसऱ्या परिच्छेदात होते: मी फाटकातून आत पाऊल टाकले आणि मुले धावत येऊन मला बिलगली. त्यानंतर बहुधा येते, की मी त्यांच्यासाठी अजून काहीच केले नव्हते तरी त्यांनी मला प्रेम दिले. याला मी ‘मिठीचे वाक्य’ म्हणतो. सगळ्या प्रकाराचा कणा तेच आहे. पुढचा मजकूर, म्हणजे एका मुलाशी जडलेला विशेष लळा, शेवटच्या दिवशीचे रडणे, ‘मी द्यायला गेले आणि घेऊन आले’ हा समारोप, सगळे या वाक्याच्या भरवशावर उभे असते.

हे वाक्य खरे असते, यात शंका नाही. मुले धावतात. आम्हीही धावायचो. प्रश्न आहे तो त्याच्या अर्थाचा. घरात वाढलेले चार वर्षांचे मूल अनोळखी माणूस दिसला की काय करते? आईच्या पदराआड जाते. तिथून डोकावते. त्याला काजू दिला तरी आधी आईकडे बघते. निरोगी वाढीची ती खूण आहे. उलट जे मूल कुणाही नवख्याच्या कडेवर बिनदिक्कत जाते, त्याच्याविषयी बालमानसशास्त्र काळजी करते. लंडनच्या निवासी शिशुगृहांतल्या मुलांवर बार्बरा टिझार्ड यांनी केलेल्या अभ्यासात हा सैरभैर सलगीचा प्रकार १९७० च्या दशकातच नोंदला गेला. ज्या मुलांना सांभाळणारी माणसे सारखी बदलत राहतात, ती कुणा एकाची होऊ शकत नाहीत आणि म्हणून सगळ्यांचीच होतात. त्याच्याही आधी, १९५१ साली, जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या अहवालात लहान मुलाला सातत्याने एक माणूस लागते हे मांडले होते. दक्षिण आफ्रिकेच्या लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मधल्या लेखात हा धागा थेट स्वयंसेवकांपर्यंत आणला: थोडे आठवडे येऊन जीव लावणारी आणि निघून जाणारी माणसे ही त्या मुलांच्या दृष्टीने तुटलेल्या नात्यांच्या रांगेतली आणखी एक कडी असते.

म्हणजे मिठीच्या वाक्यात लक्षण वर्णिलेले असते आणि लेखक त्याला स्वागत म्हणून वाचतो. काविळीने पिवळ्या झालेल्या माणसाच्या कांतीला सोन्याची उपमा देण्यासारखे हे आहे. उपमा प्रामाणिकपणे दिलेली असते, आणि म्हणूनच ती खोडणे अवघड.

माझ्या अनुभवाची पुस्ती जोडायची तर आम्ही थोरली मुले आजारी नव्हतो, हिशेबी होतो. फाटकाशी कोण आधी पोचते त्यावर काय मिळते हे ठरत असे. लहान मुलांचे तसे नव्हते. चार-पाच वर्षांचा एकजण, त्याचे नाव इथे देत नाही, ताई गेल्यावर पंधरा दिवस फाटकाशी बसून असायचा. पुढची पाहुणी आली तेव्हा तो सर्वांत आधी धावला. तिने त्याच्या धावण्याविषयी घरी काय लिहिले असेल, ते आज मला बसल्या जागी लिहून देता येईल.

याच प्रकारातले एक पुस्तक या चौकटीला आतून तडा देते, आणि ते किशोराचे नाही हा योगायोग नसावा. कॉनर ग्रेनन २००४ मध्ये नेपाळला गेला तेव्हा २९ वर्षांचा होता. त्याचे ‘लिटल प्रिन्सेस’ (२०११) सुरू होते ते एका कबुलीने. वर्षभर जगभर हिंडायचे ठरवले होते; एवढी चैन बरी दिसावी म्हणून सुरुवातीला थोडे महिने अनाथालयात काढायचे, लोकांना सांगायला बरे पडते. काठमांडूच्या दक्षिणेला गोदावरीत एका फ्रेंच बाईने सुरू केलेले ते घर. मिठीचे वाक्य याही पुस्तकात आहे, पण ते विनोदी आहे. मुले अंगावर कोसळतात आणि निवेदक घाबरतो. ही साधी गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याने त्या धावण्याचा अर्थ लावायची घाई केली नाही.

मग दारात एक बाई येते. ती तिथल्या दोन भावांची आई निघते.

इथून पुस्तक दुसरेच होते. हुमलासारख्या दूरच्या जिल्ह्यात माओवादी बंडाच्या काळात (ते युद्ध १९९६ ते २००६ चालले) पोरांना बंडखोर ओढून नेतील या धास्तीने आईबापांनी दलालाला पैसे दिले, जमिनी विकल्या, ‘काठमांडूत शाळेत घालतो’ या शब्दावर मुले सोपवली. दलालाने ती आणून टाकली. कागदोपत्री ती पोरकी झाली. ग्रेनन परत जातो, संस्था काढतो आणि २००६ च्या अखेरीस मुलांचे फोटो घेऊन हुमलात पायी हिंडतो, आईबाप शोधत. फोटोचा प्रवास इथे उलटा झाला आहे, हे लक्षात घ्यावे. एरवी तो मुलाकडून देणगीदाराकडे जातो. इथे तो मुलाकडून आईकडे जातो. डोंगरातली आई तो फोटो हातात घेऊन बघते तेव्हा पुस्तकात प्रथमच अशी व्यक्ती येते, की जिला त्या मुलाचे चुकीचे नाव खपणार नाही.

पुस्तकात दोष आहेत. प्रेमकथा मध्येच घुसते, मुलांचे संवाद जरा जास्तच गोड आहेत, नेपाळी सहकारी पुरेसे दिसत नाहीत. शेवटी नायक अमेरिकनच. पण एक आई दारात आली आणि लेखकाने तिला मजकुरात घेतले, एवढ्या एका कृतीने ते या प्रकारातल्या इतर पुस्तकांच्या फार पुढे गेले आहे.

मराठी वाचकाला हे विशेष जाणवावे, कारण आपल्याकडे घराबाहेर वाढलेल्या मुलाने स्वतः लिहिण्याची परंपरा आहे. माधुकरी मागून, वार लावून शिकलेल्या मुलांच्या आठवणींनी आपली जुनी आत्मचरित्रे भरलेली आहेत. ती मुले उपाशी होती, परक्याच्या ओसरीवर होती, पण त्यांना कुणी ‘ऑर्फन’ म्हणून टंकले नाही आणि त्यांच्या लेखनात आई कायम कुठेतरी गावी आहे. ‘श्यामची आई’ (१९३५) आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री सांगितली जाते. संस्थेतल्या बिछान्यावर बसून घर सांगणे, ही त्या पुस्तकाची रचनाच आहे. आणि किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) घ्या. बापाच्या नावाची जागा रिकामी असताना या लेखकाने तिथे आईचे नाव घातले, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठापासूनच आई हजर झाली. ज्या कागदावर पालकाची जागा रिकामी ठेवली जाते त्याला याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही. या परंपरेत पाहुणा असलाच तर एखाद्या ओळीपुरता. स्वयंसेवकांच्या लेखनात हे प्रमाण नेमके उलटते.

याचा अर्थ तरुणांनी कुठे जाऊ नये असा आहे का? इव्हान इलिच यांनी १९६८ साली, मेक्सिकोत उन्हाळी सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना त्यांच्या समोरच जवळपास तसे सांगितले होते. या, बघा, शिका, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. ते भाषण मला पूर्वी फार आवडायचे. आता त्यातली तुच्छता थोडी टोचते. त्या ताईने मला एक इंग्रजी गाणे शिकवले होते आणि त्या भाषेविषयीचे कुतूहल मला तिथूनच लागले असावे, हे मी नाकारू कसे? तिच्या सहा आठवड्यांतले काहीतरी माझ्याकडे उरले. फाटकाशी बसणाऱ्या त्या मुलाकडे काय उरले, ते मला माहीत नाही. दोन्ही एकाच ताईचे देणे आहे.

मेहुण्याच्या मुलीला हे सगळे कसे सांगावे हे मला बरेच दिवस कळत नव्हते. ती १७ वर्षांची आहे, चांगल्या मनाने गेली होती, आणि तिच्या प्रवेशाचा प्रश्न आहे. तिची आई फोनवर जरा घुश्श्यातच होती: ‘भाषांतर मागितलं होतं, चौकशी नव्हे.’ तेही बरोबरच. शेवटी मी मुलीला एवढेच लिहिले, की ‘ऑर्फन’ला मराठी शब्द निवडायला मला अजून माहिती हवी आहे. त्या दोन आठवड्यांत कुणा मुलाने घराविषयी आपणहून काही म्हटले होते का, तेवढे आठवून बघ.

स्मरणिकेची तारीख उलटून गेली. सप्टेंबरअखेर तिचा निरोप आला, या वेळी लांबलचक. एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी बोटांवर काहीतरी मोजायचा. तिला तो खेळ वाटला होता. शेवटच्या दिवसांत दुसऱ्या एका मुलाने मोडक्या इंग्रजीत सांगितले, की तो दसैं किती दिवसांवर आला ते मोजतो. दसैंला मामा न्यायला येतो असे म्हणतो, दर वर्षी म्हणतो. (दसैं म्हणजे त्यांचा दसरा. नेपाळात या सणाला घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातून कपाळी टिका लावून घ्यायची असते.) ‘मी हे लिहिलं नव्हतं काका, कारण त्यात माझं काही नव्हतं,’ असे तिने लिहिले होते.

आता तिने तो प्रसंग निबंधात घातला आहे. निबंध ७३८ शब्दांचा झाला आहे आणि अर्ज ६५० च्या वर एकही शब्द घेत नाही. काय कापू, असे तिने विचारले. मी मिठीचे वाक्य आणि त्याच्या पुढचा परिच्छेद सुचवला. मोजून पाहिले, ९१ शब्द होतात. तिच्या मार्गदर्शक बाईंना मात्र निबंधात तेच सर्वांत परिणामकारक वाटते, असे ती म्हणते. अजून तिचे ठरलेले नाही.